मालसुनच्या ताटातला पीच

त्या सिनेमात श्राद्धाच्या ताटात पीच कसा काय आला, हे माझ्या दुकानात येणारं प्रत्येक गिऱ्हाईक मला विचारत होतं. मी कॉफी ओतत राहायचे. जिभेला हाड नसलेली बाई म्हणून मी अख्ख्या त्सुरुहाशीच्या बाजारात प्रसिद्ध आहे, आणि तरी मी मूग गिळून बसले. आता बोलायला हरकत नाही. ज्याचं गुपित होतं त्यानेच ते फोडलं, तेही माझ्याच दुकानात, भर दुपारी.

बु मालसुन माझ्यापेक्षा सहा वर्षांनी मोठी, म्हणून मी तिला ओन्नी म्हणते, थोरली बहीण. आम्ही दोघी जन्मलो इथेच, ओसाकाच्या इकुनोत. आमचे आईबाप कोरियाच्या जेजू बेटावरून बोटीने आलेले. ओन्नीने पंधराव्या वर्षापासून चपलांना तळ चिकटवले. त्या सोल्युशनच्या वासाने तिचं नाक असं गेलं की मासा ताजा आहे की नाही हे तिला आजही वासावरून कळत नाही, बोटाने दाबून बघावं लागतं. नवरा को, भिंगं घासायच्या कारखान्यात. भारी गप्प माणूस. रोज संध्याकाळी माझ्याकडे यायचा, एक कप कॉफी, दोन चमचे साखर, दूध नाही. कप संपला की 'हं' म्हणायचा आणि जायचा. त्याला जाऊन आता बावीस वर्षं होतील. त्याच्या श्राद्धाला तो एक कप मीच करून देते, आणि ओन्नी तो दारूच्या पेल्याशेजारी ठेवते.

चपलांचा धंदा बसला तेव्हा ओन्नीने श्राद्धाचा स्वयंपाक ऑर्डरीवर करायला घेतला. छत्तीस वर्षं झाली. सुनांना वेळ नाही, मुलींना येत नाही, पण पितरांना जेवायला तर लागतंच. वाफवलेला मासा, सळईवर भाजलेलं मांस, भाजीची धिरडी, तांदळाच्या वड्या, सगळं तिच्या हातचं. आणि आम्हा जेजूवाल्यांचा स्पंज केक. एकदा कोरियाच्या राजधानीतून, सोलहून, आलेला एक शिकलेला माणूस हसला होता, श्राद्धाला केक कसला म्हणून. ओन्नी म्हणाली, तुमच्या आजोबांना आवडत नसेल, आमच्यांना आवडतो. तो बिचारा दोन तुकडे खाऊन गेला.

तिचे नियम मात्र कडक. लसूण नाही, लाल मिरची नाही, म्हणजे आमचं कोबीचं लोणचं, किमची, तीही बाद. आणि पीच तर नाहीच नाही. पीच दिसला की आत्मा उंबऱ्यावरूनच परत फिरतो, उपाशी. तिचा मुलगा सांगजिन सात वर्षांचा असताना त्याने लाडाने एक पीच आजोबांच्या ताटात ठेवला होता. गप्प राहणाऱ्या को-ने त्या दिवशी त्याला दंडाला धरून अंगणात उभं केलं आणि श्राद्ध संपेपर्यंत आत घेतलं नाही. पोर रडून रडून लाल झालं होतं. मीच त्याला पाणी पाजलं.

हा सांगजिन आता चव्वेचाळीसचा आहे. पडद्यावरचं नाव हायामी तोरु. वीस वर्षं नटाचं काम केलं त्याने, त्यातलं निम्मं मेलेल्या माणसाचं. सव्विसाव्या वर्षी त्याला एका मालिकेत बँकेतल्या साहेबाचं काम मिळालं होतं. कपडेसुद्धा शिवून झाले. मग कुणीतरी विचारलं, तुमचं खरं नाव काय हो, आणि या भोळ्याने आपलं कोरियन नाव सांगितलं. कुणी वाईट शब्द काढला नाही. तारखा जुळत नाहीत एवढंच कळवलं, मिठाईच्या डब्यासकट. त्यानंतर त्याने एजन्सी बदलली, नाव बदललं आणि तोंडाला कुलूप लावलं. हळूहळू इकुनोत येणंही सोडलं. रस्त्यात कुणी जुन्या नावाने हाक मारली तर पंचाईत. बापाच्या श्राद्धालाही नऊ वर्षं फिरकला नव्हता. फोन करायचा, 'ओमोनी, माझ्या वाटचा नमस्कार तूच घाल.' मग ओमोनी, म्हणजे आई, गुडघे दुखत असले तरी दोन नमस्कार जास्त घालायची. मला विचाराल तर मी त्याचे कान उपटले असते.

गेल्या वर्षी जूनमध्ये सेगावा नावाची एक दिग्दर्शिका बाजारात आली. पन्नाशीची, साधी, हातात वही. तीन दिवस ओन्नीच्या गाळ्यावर येऊन धिरडी खाल्ली आणि चौथ्या दिवशी विषय काढला. तिचा सिनेमा ओसाकातल्या एका खुनाचा होता. खुनी म्हणजे एक प्रतिष्ठित ठेकेदार, तीस वर्षं जपानी नाव लावून आपलं कोरियन मूळ लपवलेला. बापाच्या श्राद्धाला तो नमस्कार घालत असतानाच पोलीस त्याला धरतात. ते ताट ओन्नीने मांडावं अशी तिची विनंती होती. म्हणाली, या लोकांना आपल्या सिनेमात कुणी दाखवतच नाही, मला नीट दाखवायचंय, ताट चुकलं तर सगळं चुकलं.

मला राहवलं नाही. मी मागून म्हटलं, "दाखवणार ते खुनी म्हणूनच ना?"

बाई कानापर्यंत लाल झाली. माणूस म्हणून दाखवणार आहे, असं काहीतरी पुटपुटली. ओन्नीने मला कोपर मारलं आणि एकच अट घातली. पडद्यावर नाव येईल ते बु मालसुन असं यायला हवं, गाळ्याच्या परवान्यावरचं जपानी नाव नको. बाहत्तर वर्षांत तिचं खरं नाव कुठे छापून आलं नव्हतं. सेगावाने वहीत दोनदा लिहून घेतलं.

दोन आठवड्यांनी सांगजिनचा फोन आला. ओन्नीला ऐकू कमी येतं म्हणून ती फोन मोठ्याने लावते, त्यामुळे मलाही सगळं ऐकू आलं. ते ताट तू करणारेस का, त्याने विचारलं. ओन्नी हो म्हणाली. तेव्हा तो म्हणाला, त्यातला पोलीस मी आहे.

म्हणजे बघा. खुनी आमच्यातला, तर तो करणार टोकियोचा एक मोठा नट. पोलीस त्यांच्यातला, तर तो करणार आमचा सांगजिन. आणि हे ठाऊक कुणाला, तर एका श्राद्धवालीला आणि एका कॉफीवालीला.

तीस प्रसंग होते त्याला. पोस्टरवर पहिल्यांदा नाव येणार होतं. सिनेमा चालला तर त्याच पोलिसाची दूरदर्शन मालिका निघणार होती, फक्त सही राहिली होती. सगळं सांगून झाल्यावर तो खालच्या आवाजात म्हणाला, "ओमोनी, त्या दिवशी तू मला ओळखत नाहीस. चोंगजा मावशीलाही सांग."

"कोण तू?" ओन्नी म्हणाली.

त्याला क्षणभर कळलंच नाही. मग दोघं हसली. मला हसू आलं नाही.

चित्रीकरण जुलैच्या शेवटी, कालव्याकाठच्या एका जुन्या घरात. खोलीत वीस-पंचवीस माणसं, दिवे, आणि पंखा बंद, कारण आवाज येतो. सामानाचं बघणारा इगाराशी नावाचा माणूस होता, पांढरे हातमोजे घातलेला. त्याने आधीच बैठ्या टेबलावर किमचीचं लालभडक भांडं आणि तीन गुबगुबीत पीच मांडून ठेवले होते. रंग छान येतो म्हणे. ओन्नीने ते सगळं उचललं, त्याच्या खोक्यात परत ठेवलं आणि त्याला असं काही फैलावर घेतलं की सेगावाने बाकीच्यांनाही ऐकायला जवळ बोलावलं. पितर का परत फिरतात, मासा कुठे, फळं कुठे, सगळं तिने सांगितलं. इगाराशीने वहीत लिहिलं, पीच नको, लाल नको. सेगावा मला म्हणाली, यांना आणलं म्हणून बरं झालं. मला बरं वाटलं, खोटं कशाला बोलू.

मग ओन्नीने ताट मांडलं. मी थर्मास नेला होता, आम्हा दोघींना प्यायला. तिने मागे न बघता हात पुढे केला, मी दिला. एका कपात कॉफी ओतली, दोन चमचे साखर घातली आणि दारूच्या पेल्याशेजारी ठेवली. तिच्या लक्षात आलं नाही, माझ्याही नाही. हाताची सवय, दुसरं काय.

सांगजिन आला. करडा सूट, केस मागे वळवलेले, को-चीच चाल. माझ्या दुकानात टेबलाखाली बसून चित्रं काढणारं पोर ते. त्याने आम्हा दोघींना कमरेत वाकून नमस्कार केला, आज आपली मदत आहे, आभारी आहे, असं म्हणाला. ओन्नीही वाकली. काम चांगलं होवो, हायामी-सान, म्हणाली, परक्या साहेबाला म्हणावं तसं. कसली सफाई होती तिच्या आवाजात. माझ्या अंगाचा तिळपापड झाला आणि मी विनाकारण मासा सरळ करत बसले.

प्रसंग असा. ठेकेदार जमिनीला डोकं टेकून नमस्कार घालतोय. पोलीस बूट न काढता आत येतो, भरलं टेबल लाथेने उडवतो आणि बेड्या घालतो. पूर्वेच्या खिडकीतून ऊन येतं ते अकरा-साडेअकरापर्यंतच, म्हणून हाच प्रसंग सगळ्यात आधी घ्यायचा होता. आम्हाला भिंतीला टेकून उभं केलं होतं, टेबलापासून चार हातांवर.

पहिल्या खेपेला सांगजिन ताडताड आत आला आणि टेबलाच्या एक पाऊल अलीकडे थांबला. पाय घसरला म्हणाला. बरं, पुन्हा.

दुसऱ्या खेपेला त्याचा पाय टेबलाच्या कडेला जेमतेम लागला. कॉफीचा कप कलंडला आणि त्याने झटकन वाकून तो धरला. कसा धरला, तर उजव्या हातात कप आणि डावा हात उजव्या कोपराखाली. वडीलधाऱ्यांना आमच्यात असंच देतात. दोन वर्षांच्या पोरालाही पहिलं हेच शिकवतात. खोलीतल्या सगळ्यांनी ते बघितलं. 

टोकियोचा नट जमिनीवरूनच हसला. म्हणाला, "हायामी-सान, तुम्ही माझ्यापेक्षा जास्त कोरियन दिसता."

सगळे हसले. सांगजिनही हसला, पण थोडा उशिरा. सेगावा हसली नाही. तिने विचारलं, ही हाताची लकब कुठून आणलीत. वाकडं काही नव्हतं विचारण्यात, पण सांगजिनच्या मानेवर घामाची धार लागली. या मावशींनी सकाळी पेला तसा ठेवला, ते बघितलं, असं तो म्हणाला. सगळ्यांचे डोळे आमच्याकडे वळले. ओन्नी शांतपणे म्हणाली, हो, मी दाखवलं होतं. इगाराशी वहीची पानं उलटायला लागला. सकाळी ताट मांडताना सांगजिन आलाच कुठे होता, हे त्याच्या लक्षात येतंय की काय, म्हणून मी त्याच्या वहीवरून नजर हटवली नाही. त्याने वही मिटली आणि टेबल सरळ करायला वळला.

तिसऱ्या खेपेला सांगजिन टेबलासमोर नुसता उभा राहिला. बोलायचं वाक्यही विसरला.

सेगावाचा मदतनीस तिच्या कानाशी लागला, पण इतक्या छोट्या खोलीत कानाशी लागून काय होणार. सोबतच्या तरुण हवालदाराला लाथ मारायला देऊ, म्हणाला. मग बेड्याही त्यानेच घालायच्या आणि वाक्यही त्यानेच बोलायचं. ज्या एका प्रसंगासाठी पोस्टरवर नाव येणार होतं तोच जाणार होता, आणि मालिकेची सहीही त्याच्यामागून. सेगावाने घड्याळ बघितलं. दहा मिनिटं थांबू, ऊन अर्धा तास आहे, शेवटची एक खेप हायामी-सानबरोबर करू, असं म्हणाली. सांगजिन ओसरीवर जाऊन पाठमोरा बसला. सिगारेट काढली, पण पेटवली नाही.

मी ओन्नीला पुटपुटत विचारलं, काय झालंय याला. तिचं माझ्याकडे लक्षच नव्हतं. ती त्या कपाकडे बघत होती.

"चोंगजा, ही कॉफी मी ठेवली," ती म्हणाली. "तो बापाच्या ताटाला लाथ कशी मारेल?"

आई गं. भरल्या ताटाला लाथ मारू नये म्हणतात, इथे तर बाप जेवायला बसलेला. काढून टाक कप, मी म्हटलं. तिने मान हलवली. कप काढला तरी केक आहे, वड्या आहेत, सगळं तिच्याच हातचं. बाप येऊन बसलाय असं पोराला वाटतंय. बापाला उठवल्याशिवाय त्याचा पाय उचलायचा नाही. हे ती मला सांगत होती की स्वतःला, कुणास ठाऊक. मग ती सरळ इगाराशीच्या खोक्यापाशी गेली.

तिने किमचीचं भांडं काढलं आणि मासा सरकवून टेबलाच्या मधोमध ठेवलं. मग पीच. तिन्ही. दारातून येणाऱ्याला सगळ्यात आधी तेच दिसतील असे, पुढच्या कडेला. इगाराशी धावत आला. सकाळी तर तुम्हीच नको म्हणालात, त्याने वही उघडून दाखवली.

"आमच्या बेटावर चालतं," ओन्नी म्हणाली. "सकाळी मी चुकले."

छत्तीस वर्षांत 'मी चुकले' हे शब्द तिच्या तोंडून मी ऐकले नव्हते. आधीच्या खेपांतलं काहीच कामाचं नव्हतं, त्यामुळे ताट बदललं तरी त्यांचं बिघडत नव्हतं. इगाराशीने वहीतली ओळ खोडली. ओन्नी शेवटचा पीच सरळ करायला वाकली, आणि टेबलामागच्या रिकाम्या जागेकडे बघून पुटपुटली. ते फक्त मला ऐकू आलं.

"अहो, जरा बाहेर जाऊन उभे राहा. पोराचं काम आहे."

मग ती माझ्याशेजारी येऊन भिंतीला टेकली. सांगजिनकडे तिने एकदाही बघितलं नाही.

पंखा पुन्हा बंद झाला. सांगजिन दारात आला. मी त्याच्या तोंडाकडे बघत होते. त्याची नजर खाली गेली, पीचवर पडली आणि थबकली. पुढचं पाऊल पडायला मला वाटतं एक श्वास जास्त लागला. त्याचा चेहरा असा झाला की मला ते अंगण आठवलं. मग त्याने पाय उचलला. टेबल भिंतीवर आपटलं, किमची टोकियोवाल्याच्या केसांत गेली, पीच गडगडत माझ्या पायाशी आले. बेड्या, वाक्य, सगळं एका दमात. थांबा म्हणायलाही सेगावा विसरली. मग टाळ्या वाजल्या, टोकियोवाल्यानेसुद्धा केस झटकत वाजवल्या.

ओन्नी खाली बसून केकचे तुकडे गोळा करत होती. सांगजिन तिच्यासमोर आला, वाकला आणि म्हणाला, "आपल्याला फार त्रास दिला." ओन्नी म्हणाली, "छे छे, हायामी-सान." दोघांची डोकी इतकी जवळ होती की बघणाऱ्याला तेच कान, तीच हनुवटी दिसली असती. कुणी बघत नव्हतं. तो निघून गेला.

सेगावा मात्र आली. हळू आवाजात विचारलं, बु-सान, पीच नक्की बरोबर आहे ना, तुमचं नाव पडद्यावर येणार आहे. ती बाई खरंच मनापासून विचारत होती, म्हणून मला तिचा रागही येईना. ओन्नी खरं सांगू शकली असती. एका वाक्याचं काम होतं. तिने फडकं पिळलं, म्हणाली बरोबर आहे, नाव येऊ दे. मग तिने दुसरं ताट मांडलं, आणि त्यातही पीच ठेवले, कारण आता नमस्काराच्या प्रसंगातही तेच ताट दिसायला हवं होतं.

सिनेमा यंदा सप्टेंबरमध्ये लागला आणि चांगला चालला. जाहिरातीत तीच लाथ. आणि शेवटी नावांच्या यादीत, श्राद्धाचं ताट, बु मालसुन. बाजारात आग लागल्यासारखं झालं. एवढ्या वर्षांनी आपलं ताट पडद्यावर आलं आणि तेही पीच घालून. जपान्यांनी चूक केली असती तर एक वेळ चाललं असतं, पण आपल्याच बाईने, तेही मालसुनने? शरदातल्या पितरांच्या सणाच्या तिच्या निम्म्या ऑर्डरी गेल्या. शेजारच्या गाळ्यावरची बाई गिऱ्हाइकांना ऐकू जाईल अशा बेताने म्हणायची, आमच्याकडे पीच मिळत नाही हो. ओन्नी म्हणायची, म्हातारपण, दुसरं काय. मी एकदा तोंड उघडायला गेले तर तिने माझ्या हातावर पळी मारली. मालिकेची सही अजून झाली नव्हती.

ऑक्टोबरात को-चं श्राद्ध आलं. दुपारी ओन्नी त्याची कॉफी न्यायला आली, तेव्हा म्हातारा ह्यॉन दुकानात बसला होता. पंच्याऐंशीचा, जेजूवाल्यांच्या मंडळाचा प्रमुख, सगळे त्याला वचकून असतात. कोपऱ्यात टोपी खाली ओढून कुणीतरी वर्तमानपत्र वाचत होतं. मी गडबडीत नीट बघितलं नव्हतं.

ह्यॉनने काठी बाजूला ठेवली आणि सगळ्यांसमोर तिला धारेवर धरलं. आवाज न चढवता, ते जास्त वाईट. इतकी वर्षं तू आमच्या घरोघरची ताटं मांडलीस, म्हणाला. ओन्नी मान खाली घालून चूक झाली म्हणाली. ह्यॉन थांबला नाही.

"माझ्या बापाचं ताटही तूच मांडायचीस. आता मला कसं कळावं, तो जेवून गेला की उपाशी?"

ओन्नीचा चेहरा पांढरा पडला. तिला कुणी चोर म्हटलं असतं तरी इतकं लागलं नसतं. मी कॉफीचं भांडं खाली ठेवलं. शेंडी तुटो की पारंबी, आता बोलतेच, असं मी ठरवलं.

तेवढ्यात कोपऱ्यातलं वर्तमानपत्र खाली आलं. "ओमोनी," तो म्हणाला.

दुकानात सात-आठ जण होते. सगळ्यांनी त्याला ओळखलं, पोस्टर तर बाजाराच्या तोंडाशीच लागलं होतं. ओन्नीने वळून बघितलं नाही. सेटवरच्याच त्या गुळगुळीत आवाजात म्हणाली, "साहेब, तुम्ही माणूस चुकलात."

"नाही चुकलो." तो उठून तिच्या शेजारी येऊन उभा राहिला आणि ह्यॉनसमोर वाकला. "मी को सांगजिन. यांचा मुलगा. बाबांच्या ताटाला लाथ मारायला माझा पाय उचलत नव्हता. बाबांनी तिथून उठावं म्हणून हिने पीच ठेवला. तुमच्या वडिलांच्या ताटात तो कधीच नव्हता."

"गप्प बस मेल्या," ओन्नी फिरलीच त्याच्यावर. आता आवाज तिचा स्वतःचा होता, फाटलेला. "वर्षभर तोंड शिवून बसले ती कशासाठी? तुझी मालिका?"

सकाळीच एजन्सीला आपलं नाव सांगितल्याचं तो म्हणाला. अजून उत्तर आलं नव्हतं. येईल तेव्हा येईल.

 ओन्नीने त्याच्या छातीवर एक बुक्की मारली, जोरात, आणि मग तिथेच सुटाची बाही धरून रडायला लागली. मी तिला इतक्या वर्षांत नवऱ्याच्या अंत्यविधीलाही असं रडताना पाहिलं नव्हतं. म्हातारा ह्यॉन उठला. टोपी काढली आणि ओन्नीला म्हणाला की पुढच्या महिन्यात आपल्या बायकोचं श्राद्ध आहे, ताट तिनेच करायचं. नेहमीसारखं. एवढं बोलून तो काठी टेकत गेला.

मी नवी कॉफी केली. दोन चमचे साखर, दूध नाही. ओन्नीने हात पुढे केला, पण कप सांगजिनने घेतला, उजव्या हातात, डावा हात कोपराखाली. त्याच्या कपात कॉफी आणि डोळ्यांत पाणी, दोन्ही काठोकाठ, म्हणून तो एकेक पाऊल जपून टाकत होता. मी दुकानाच्या दारात उभी राहून बघत होते. भर दुपारचा बाजार, दोन्ही बाजूंना गाळे, सगळ्या माना वळलेल्या. ओन्नी त्याच्या दोन पावलं पुढे, ॲप्रनने नाक पुसत, हाताने माणसं बाजूला करत चालली होती.

"सरका, सरका," ती म्हणत होती, "माझ्या मुलाच्या हातात कॉफी आहे."